मौनाचा अर्थ आणि त्याचा क्षय : ‘सासोरी’ चित्रपटमाला

एखादे चिन्ह वारंवार योजिले गेले म्हणजे त्याचा अर्थ झिजतो, हे भाषाभ्यासकांस परिचित आहे. मौनासही हा नियम लागू पडतो काय, हे जपानमधील ‘सासोरी’ (विंचू) या चित्रपटमालेवरून तपासता येईल.

स्त्रियांच्या तुरुंगातील क्रौर्य व नग्नता दाखवून गल्ला भरणाऱ्या चित्रपटांच्या वर्गात ही माला मोडते. तोएई कंपनीने ऑगस्ट १९७२ ते डिसेंबर १९७३ या अवधीत तिचे चार चित्रपट प्रदर्शित केले. तोरू शिनोहारा यांच्या मूळ चित्रकथेतील नायिका शिवराळ आहे. परंतु अभिनेत्री मेइको काजी यांनी आपली नामी मात्सुशिमा जवळजवळ अबोल असावी असा आग्रह धरला. प्रियकर पोलिसाने विश्वासघात केलेली ही बंदिनी बोलत नाही, रोखून पाहते. जिच्याकडे केवळ पाहिले जावे अशी चित्रपटाची योजना, तीच पाहणारी होते. या मालेचे सामर्थ्य या उलटापालटीत आहे.

पहिल्या तीन चित्रपटांचे दिग्दर्शक शुन्या इतो यांनी या मौनास दर वेळी नवा संदर्भ दिला. पहिल्यात ते सूडाचे. दुसऱ्यात, पळालेल्या कैदिणींच्या मेळ्यात, परकेपणाचे. तिसऱ्यात एका दीन वेश्येविषयीच्या करुणेचे. म्हणून केवळ पुनरावृत्तीने ऱ्हास होतो असे म्हणता येत नाही.

चौथा चित्रपट यासुहारु हासेबे यांनी दिग्दर्शित केला. त्यात विश्वास टाकलेल्या पुरुषाकडून होणारा घात पुन्हा येतो. म्हणजे पहिल्याच वाक्याचा पुनरुच्चार होतो. मौन तेच, पण त्यातून नवे काही कळत नाही. पुढे १९७६ मध्ये युमी ताकिगावा व १९७७ मध्ये योको नात्सुकी यांना घेऊन ‘नवी’ सासोरी आणली गेली. नाव, तुरुंग आणि छळ राहिले. नजरेचे ते वजन मात्र राहिले नाही.

तात्पर्य, चिन्ह झिजते ते वापराने नव्हे, तर संदर्भ न बदलता केलेल्या वापराने. आणि येथे ही झीज केवळ कलेची हानी ठरत नाही. मौन अर्थहीन झाले की पडद्यावरील स्त्री पुन्हा केवळ पाहण्याची वस्तू होते, आणि प्रेक्षकास त्याची लाज वाटण्याचे कारणही उरत नाही.