शाळेचा राग घरी नको!

मैत्रिणींनो, सहामाहीचे पेपर तपासायचे दिवस होते. एक बाई रजेवर, म्हणून त्यांचे गठ्ठेही माझ्याच गळ्यात! त्या संध्याकाळी लेकीनं नुसतं विचारलं, “आई, खायला काय आहे?” मी अशी खेकसले, की पोर रडत आजीच्या कुशीत शिरली.

असं का होतं? धोका दिसला, की शरीरात अ‍ॅड्रेनॅलीन, कॉर्टिसॉल ही द्रव्ये वाढतात. छाती धडधडते, स्नायू आवळतात. धोका टळला, की सारे निवते. पण कामाचा बोजा रोजच उरावर असेल, तर निवायला उसंतच मिळत नाही. मग डोकेदुखी, चिडचिड, झोप उडणे सुरू होते. कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारा हा थकवा जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली नोंदवला, तो रोग म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून. तेव्हा सगळा दोष आपल्या स्वभावाला देऊ नका.

मी मुख्याध्यापिकाबाईंना कामाची यादीच दाखवली. “यातलं आधी काय करू?” एवढंच विचारलं. एक गठ्ठा कमी झाला. आता पेपर रोज वीसच. डबा खाताना हातात लाल पेन नाही. घरी आल्यावर पंधरा मिनिटं गच्चीत, चहाचा कप आणि मी!

आणि हो, लेकीची माफी मागितली. ती म्हणाली, “मला वाटलं, माझंच काही चुकलं.”

तुमच्या घरीही कुणी असंच समजत नाही ना? आज जरा विचारून बघा.