डिप्लोमानंतरची वर्षं

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर ‘प्रभात’च्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट (आजची एफटीआयआय) सुरू झाली, पण सिनेमा शिकणं आणि शिकवणं महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. दामले, फत्तेलाल, शांताराम ही ‘प्रभात’ची मंडळी कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली घडली. पडदे रंगवायचे, कॅमेरा खोलून पुन्हा जोडायचा, वेळ पडली तर तोंडाला रंग लावून उभं राहायचं. १९२९ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्यात आणली. उस्तादाच्या कंपनीत उमेदवारी करणाऱ्या पोराला कलेबरोबर धंदाही दिसायचा. चित्र कुठे चाललं, कुठे पडलं, कर्ज कोणाचं अंगावर आलं, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर घडत होतं.

इन्स्टिट्यूटने शिक्षणाला शिस्त दिली. ऋत्विक घटकांसारखा माणूस तिथे शिकवून गेला, सतीश बहादूर यांनी चित्रपट कसा पाहावा हे कित्येक पिढ्यांना दाखवलं, आणि १९६४ मध्ये शेजारीच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं. उमेदवारीतला धंद्याचा भाग मात्र वर्गात आला नाही. डिप्लोमा फिल्म हातात घेऊन फाटकाबाहेर पडल्यावर पहिला चित्रपट होईपर्यंतची वर्षं कशी काढायची, हे कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. म्हणून माजी विद्यार्थी गावोगावच्या होतकरू मुलामुलींशी बोलायला बसतात तेव्हा त्यांनी पुरस्कारांपेक्षा या वर्षांबद्दल बोलावं, असं मला फार वाटतं.

अडूर गोपालकृष्णन यांचं उदाहरण मला यासाठीच मोलाचं वाटतं. ते १९६५ मध्ये पुण्याहून शिकून केरळात परतले. पहिला चित्रपट ‘स्वयंवरम्’ आला १९७२ मध्ये. मधल्या सात वर्षांत त्यांनी काय केलं? मित्रांना बरोबर घेऊन तिरुवनंतपुरमला ‘चित्रलेखा’ ही फिल्म सोसायटी काढली. केरळात चांगल्या सिनेमाला प्रेक्षक हवा असेल तर तो आधी तयार करावा लागेल, हे त्यांनी ओळखलं होतं. सोसायटीच्या जोडीला चित्रनिर्मितीची सहकारी संस्था उभी केली. पोटापाण्यासाठी आणि हात चालू राहावा म्हणून माहितीपट केले. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचं कर्ज मिळालं तेव्हा त्यांच्यापाशी संस्था होती, तंत्रज्ञ सोबती होते आणि थोडाफार प्रेक्षकही होता. ‘स्वयंवरम्’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे सगळे सांगतात. होतकरू मुलांच्या उपयोगाचा भाग त्याच्या अलीकडचा आहे. पुण्यात शिकलेलं त्यांनी गावी नेलं आणि गावातल्या माणसांना त्यात सामील करून घेतलं.

आपल्याकडे असं झालंच नाही असं नाही. सुमित्रा भावे समाजशास्त्राच्या अभ्यासक, त्या कुठल्याही फिल्मशाळेत गेल्या नव्हत्या. सुनील सुकथनकर एफटीआयआयचे. ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’, ‘अस्तु’ आणि सुवर्णकमळ मिळवणारा ‘कासव’ हे या जोडीचं काम. शाळेत शिकलेला आणि शाळेबाहेर शिकलेली अशी दोन माणसं बरोबरीने एका चित्रपटावर बसली तर काय होतं, याचं मराठीत याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. पुढच्या पिढीत उमेश कुलकर्णी यांनी इन्स्टिट्यूटमध्ये ‘गिरणी’ हा लघुपट केला. घरात चरितार्थासाठी पिठाची गिरणी येते आणि तिच्या आवाजाने एका शाळकरी पोराचं जगणं बदलून जातं, एवढीच गोष्ट. त्यानंतर ‘वळू’, ‘विहीर’, ‘देऊळ’ आले. अविनाश अरुण छायालेखन शिकून बाहेर पडले आणि ‘किल्ला’ घेऊन २०१४ मध्ये बर्लिनला पोहोचले. मुलांच्या ज्यूरीने तिथे त्या चित्रपटाला क्रिस्टल बेअर दिलं.

मराठी सिनेमाचा दुसरा रस्ता नगरहून निघाला. तिथल्या न्यू आर्ट्स महाविद्यालयाच्या संज्ञापन विभागात नागराज मंजुळे शिकले आणि शिकत असतानाच त्यांनी ‘पिस्तुल्या’ केला. ‘ख्वाडा’चे भाऊराव कऱ्हाडे त्याच महाविद्यालयातले. पुण्यातल्या मुलाला जे उपकरण हात लांबवला की मिळतं, ते इथल्या मुलांना मिनतवारीने मिळवावं लागलं. ‘ख्वाडा’साठी घरची जमीन विकावी लागली, ही हकिकत महाराष्ट्राने वाचली आहे. ती ऐकून सभागृहात टाळ्या पडतात तेव्हा मला धास्ती वाटते. समोर बसलेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या पोराने त्यातून जमीन विकण्याचा सल्ला घेतला तर? ‘ख्वाडा’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. ज्यांना मिळाले नाहीत आणि ज्यांची जमीनही गेली, त्यांना व्यासपीठावर कोणी बोलावत नाही.

पैशाबद्दल मोकळेपणाने बोललंच पाहिजे ते याचसाठी. राज्य सरकारच्या योजनेत बरीच वर्षं ‘अ’ दर्जाच्या मराठी चित्रपटाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाच्या चित्रपटाला ३० लाख रुपये अनुदान होतं. हा आकडा ऐकून बरेच जण हुरळतात. पण अनुदान मिळतं ते चित्रपट पूर्ण होऊन, सेन्सॉरचं प्रमाणपत्र हाती पडून, परीक्षण झाल्यावर. तोवरचा खर्च निर्मात्याच्या खिशातून होतो आणि उसनवारीचं व्याज चढत राहतं. ही एक गोष्ट पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहावी.

अशा बैठकीत कॅमेरा कोणता घ्यावा, हा प्रश्न हमखास येतो. जाणता माणूस त्यावरून गाडी आवाजाकडे वळवतो. चित्र मोबाइलवरही बरं दिसतं, पण वाईट आवाजाचा लघुपट कोणी दोन मिनिटंही सहन करत नाही. ध्वनिमुद्रक लोकेशनवर आला की आधी खोलीच्या मधोमध टाळी वाजवून पाहतो. घुमलं तर भिंतींना गोधड्या लावायला सांगतो. फ्रिज बंद करतो आणि आपल्या गाडीची किल्ली त्या फ्रिजमध्येच ठेवतो. निघताना किल्ली शोधावी लागते आणि फ्रिज पुन्हा चालू करायची आठवण राहते, नाहीतर घरमालकिणीचं दूध नासायचं. शूट आटोपल्यावर सगळ्यांना जागच्या जागी उभं करून त्या खोलीची नुसती शांतता अर्धा-एक मिनिट मुद्रित करतो, कारण संकलनात दोन वाक्यांमधली फट त्या शांततेनेच बुजवावी लागते. हे कोणी सांगितलं नाही तर नवा दिग्दर्शक दोन-तीन लघुपट वाया घालवून शिकतो. ‘ख्वाडा’च्या राष्ट्रीय पुरस्कारांत एक लोकेशनवरच्या ध्वनिमुद्रणासाठी होता, हे तालुक्याच्या मुलांना आवर्जून सांगावं.

अलीकडच्या दोन गोष्टीही त्यांच्या कानांवर घालाव्यात. पायल कपाडिया एफटीआयआयच्या. त्यांच्या ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ला २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं. त्याचा उत्तरार्ध रत्नागिरीच्या बाजूला घडतो, म्हणजे कोकणातल्या मुलांनी रोज पाहिलेला किनारा त्यात आहे. त्याच वर्षी, त्याच महोत्सवात चिदानंद नाईक यांच्या कन्नड लघुपटाला विद्यार्थी विभागाचं पहिलं बक्षीस मिळालं. हे गृहस्थ म्हैसूरचे डॉक्टर. इन्स्टिट्यूटच्या एक वर्षाच्या टेलिव्हिजन अभ्यासक्रमाच्या अखेरीस त्यांनी तो केला. एक म्हातारी गावचा कोंबडा पळवते आणि गावात सूर्य उगवायचा थांबतो, अशी ती लोककथा. चित्रीकरणाला दिवस मिळाले चार. आजीकडून ऐकलेल्या अशा गोष्टी आपल्याकडेही गावोगाव आहेत, आणि चार दिवस कोणालाही काढता येतात.

एफटीआयआयने २०१७ पासून पुण्याबाहेर देशभर छोटे अभ्यासक्रम नेले, ते योग्यच झालं. पण मला आणखी साधं काही हवं आहे. दरवर्षी बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने आठवडाभर आपल्या जिल्ह्याच्या गावी, नगर वाचनालयाच्या सभागृहात बसावं. डिप्लोमा फिल्म दाखवावी, त्याआधीचे फसलेले सरावाचे तुकडेही दाखवावेत, पहिल्या कटमध्ये काय होतं आणि ते का काढलं ते सांगावं. खर्चाची वही सोबत आणावी आणि जेवण, गाडी, जनरेटर, हार्ड डिस्क असा एकेक आकडा वाचून दाखवावा. मुलींना घरी परतायला उशीर होऊ नये म्हणून हे सगळं दुपारी ठेवावं. ध्वनी आणि संकलन शिकलेल्यांना दिग्दर्शकाच्या आधी बोलू द्यावं, कारण गावात दिग्दर्शक व्हायला निघालेले शंभर सापडतात, बूम धरायला मात्र कोणी मिळत नाही.