कानाने शिकावी अरबी

‘हिशेब’, ‘वकील’, ‘तारीख’ हे शब्द आपण रोज वापरतो. ते मूळचे अरबी आहेत. मात्र मराठीत येताना त्यांचे उच्चार बदलले. अरबी शिकणाऱ्याला ते नव्याने ऐकावे लागतात.

अरबीत ‘क’सारखे दोन ध्वनी आहेत. एक आपल्या ‘क’प्रमाणे, तर दुसरा पडजिभेजवळून उच्चारला जातो. ‘कल्ब’ हा शब्द पहिल्या ध्वनीने उच्चारल्यास ‘कुत्रा’ आणि दुसऱ्याने उच्चारल्यास ‘हृदय’ असा अर्थ होतो! छापील पुस्तक हा भेद सांगू शकते, ऐकवू शकत नाही. संगणकावर विद्यार्थी तो ऐकतो, स्वतःचा उच्चार ध्वनिमुद्रित करतो आणि दोन्ही ताडून पाहतो.

अरबी लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात. तिच्या २८ अक्षरांपैकी बहुतेकांचे रूप शब्दातील स्थानानुसार बदलते. हा बदल चलच्चित्रातून सहज उमगतो.

बंगळुरू येथे मुख्यालय असलेल्या भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २००४ साली ‘एज्युसॅट’ हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह सोडला. दूरच्या वर्गांपर्यंत चित्र आणि आवाज एकत्र पोहोचवणे हा त्याचा हेतू होता. आज महाजालामुळे बंगळुरूतील विद्यापीठीय विद्यार्थी कैरोच्या वृत्तनिवेदकाची अरबी घरबसल्या ऐकू शकतो.

तरीही साधन म्हणजे शिक्षक नव्हे. उच्चार चुकला हे ध्वनिमुद्रणातून कळते. तो का चुकला आणि जीभ कोठे टेकवावी, हे जाणकार शिक्षकच समजावतो. म्हणून नवी भाषा शिकताना आपण आधी ऐकावे, मग बोलावे आणि चूक सुधारून घेण्यास संकोचू नये.