आधी दिवा सांभाळा, मग ओझोन मोजा

मुळशीत पौड-पिरंगुटच्या बाजूला व्होल्टेज उतरलं की जुनी ट्यूबलाइट फडफडते आणि शिव्या खातो चोक. हवेतला ओझोन मोजणाऱ्या यंत्रात बहुधा याच ट्यूबचं भावंड असतं: कमी दाबाचा पाऱ्याचा दिवा. आतली पांढरी पावडर काढली आणि साध्या काचेऐवजी क्वार्ट्झ वापरला की २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सरळ बाहेर येतो आणि ओझोन तो शोषतो. नळीतून हवा एकदा तशीच सोडायची, एकदा ओझोन काढून सोडायची आणि उजेडातला फरक बघायचा. तो फरक किती? ३८ सेंटिमीटरच्या नळीत अब्जात एक भाग ओझोन असला तर उजेड घटतो लाखात जेमतेम एक भाग. २००९ च्या राष्ट्रीय मानकाची आठ तासांची मर्यादा घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे. ती गाठली तरी घट दहा हजारांत पाच-सहा भागांची. म्हणून माझ्या मते यंत्राचा आकडा सेन्सरइतकाच दिव्याच्या पॉवर सप्लायवर ठरतो.

या दिव्याचा स्वभाव उफराटा. पेटायला काही शे व्होल्टचा धक्का लागतो, पण पेटल्यावर करंट वाढेल तसा रोध घटत जातो. आवर घातला नाही तर तो स्वतःलाच जाळून घेईल. म्हणून सप्लायने बांधून ठेवायचा तो करंट. डीसीवर पारा हळूहळू एका टोकाला सरकतो, त्यामुळे सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा एसी देतात. शिवाय पाऱ्याची वाफ तापमानाबरोबर बदलते. ताम्हिणीचा पावसाळी गारवा आणि एप्रिलचं ऊन दिव्याला सारखंच वाटावं, म्हणून त्याला हीटरने ठरावीक तापमानावर ठेवतात.

यंत्र दोन वाचनांचं गुणोत्तर काढतं, मग दिवा मंदावला म्हणून काय बिघडलं, असा प्रश्न येतो. दिव्याच्या म्हातारपणापुरतं ते खरं आहे. पण दोन वाचनांमध्ये काही सेकंद जातात. तेवढ्यात दिवा थरथरला तर यंत्र त्या थरथरीलाच ओझोन समजतं. दोन नळ्या एकाच वेळी वाचणारी यंत्रं यातून बरीचशी सुटतात. तरी दिव्यातली ज्योत जागा बदलू लागली की दोन्ही नळ्यांना सारखा उजेड मिळत नाही. यूपीएस लावून हे सुटत नाही: तो भिंतीतली वीज सांभाळतो, दिव्यातला करंट नाही. पाऱ्याच्या दिव्याऐवजी एलईडी वापरला तर त्यात पारा नसतो हे चांगलंच, पण करंट आणि तापमान तिथेही बांधावंच लागतं.

हा प्रश्न फक्त प्रयोगशाळेचा नाही. शहरात वाहनांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोन खातो, त्यामुळे शहराबाहेर ओझोन पुष्कळदा जास्त भरतो. मोजणी गावाकडेही हवी, आणि तिथे विजेचा भरवसा कमी. (मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याला १९२७ पासून वीज होते, ती मुंबईसाठी!) पिरंगुटचा कारखाना असो की ग्रामपंचायत, यंत्राचं कोटेशन हातात आलं की आधी दोन गोष्टी लेखी मागा: दिव्याचा करंट किती टक्क्यांत स्थिर राहतो, आणि दिवा बदलल्यावर कॅलिब्रेशन कोण करून देणार.