हँडल उंच करण्यापूर्वी केबलची ढील पाहा

साठी ओलांडल्यावर मोटारसायकलवर पुढे वाकून बसणे सोसत नाही. लालबागहून इच्छापूर किंवा मुक्ताईनगरपर्यंत जाऊन आले तरी मनगटे आणि पाठ बोलू लागतात. म्हणून आपल्यापैकी काही सभासद हँडलखाली रायझर बसवण्याचा विचार करतात. रायझर म्हणजे हँडल आणि त्याची बैठक यांच्यामध्ये बसणारे धातूचे ठोकळे. बरेचसे २० ते ३० मि.मी. उंचीचे असतात. मात्र हँडल किती उचलता येईल, हे शेवटी केबलच ठरवते. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर आधी शिल्लक पाहावी, मग चेक लिहावा.

केबल ताणली गेली तर काय होते? ॲक्सिलरेटरची केबल ओढली गेल्यास शनवाऱ्याच्या गर्दीत वळताना गाडी आपोआप रेस होते. क्लच अर्धवट दाबलेला राहून त्याच्या प्लेटा घासतात. डिस्क ब्रेकचा पाइप ताणला गेला तर थेट ब्रेकचाच धोका. म्हणून खरेदीपूर्वी हे करून पाहावे :

१. गाडी मुख्य स्टँडवर, इंजिन बंद. हँडलचे क्लॅम्प सोडवून हँडल रायझरच्या उंचीएवढे उचलून धरावे. हे काम दोघांनी करावे.

२. तसेच धरून हँडल डावीकडे व उजवीकडे पूर्ण वळवावे. केबल, ब्रेक पाइप आणि स्विचच्या वायरी कुठेही ताणल्या किंवा दबल्या जाऊ नयेत.

३. क्लच लिव्हरच्या टोकाला अनेक गाड्यांत १० ते १५ मि.मी. मोकळी हालचाल लागते. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत पाहावा. तो दोन्ही वळणांवर कायम राहिला पाहिजे.

ढील कमी पडली तर प्रथम केबल बांधलेल्या पट्ट्या सोडवून तिला जवळचा, सरळ मार्ग द्यावा. तेवढ्याने भागले नाही तर कमी उंचीचे रायझर घ्यावेत किंवा लांब केबल टाकावी. ॲडजस्टर फिरवून थोडी ढील मिळते, पण केबलची लांबी वाढत नाही. ब्रेक पाइप बदलायचा झाल्यास तांब्याचे नवे वॉशर घालावेत, ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच भरावे आणि हवा पूर्ण काढून घ्यावी. हे काम जाणत्या मेकॅनिककडेच द्यावे.

रायझरसोबत आलेले लांब बोल्टच वापरावेत. जुने बोल्ट आट्यांत पुरेसे उतरत नाहीत. ते सांगितलेल्या टॉर्कनेच आवळावेत.

शेवटी मोकळ्या जागेत, न्यूट्रलमध्ये गाडी चालू करून हँडल सावकाश दोन्हीकडे पूर्ण वळवावे. इंजिनाचा आवाज जरा जरी वाढला, तरी गाडी रस्त्यावर काढू नये. सर्व ठीक असल्यास घराजवळच एक-दोन फेऱ्या माराव्यात, बोल्ट पुन्हा तपासावेत आणि मगच मुक्ताईनगरचा रस्ता धरावा.