चौतीस नंबरची गाडी

पिक्सारच्या 'कार्स ३' (२०१७) मध्ये औषधालाही माणूस नाही. सगळी पात्रं गाड्याच. तेव्हा काळा-गोरा हा वाद उद्भवायलाच नको. तरीही थॉमसव्हिलच्या जुन्या गुत्त्यात ३४ नंबरची एक म्हातारी रेसकार बसलेली दिसते. नाव रिव्हर स्कॉट. हे पात्र वेंडेल स्कॉट या कृष्णवर्णीय रेस ड्रायव्हरवर बेतलेलं आहे.

स्कॉट व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचे. टॅक्सी चालवली, चोरटी दारू वाहिली. (पोलिसांना हुलकावणी देता देता तयार झालेले ड्रायव्हर नॅसकार या अमेरिकी मोटारशर्यतींत बरेच होते.) १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिलच्या मातीच्या ट्रॅकवर त्यांनी २०० फेऱ्या सर्वांआधी पुऱ्या केल्या, पण विजेता म्हणून झेंडा दाखवला गेला तो बक बेकर या गोऱ्या ड्रायव्हरला. फेऱ्या मोजण्यात घोळ झाला, असं आयोजक म्हणाले. पण चषक देताना गोऱ्या सौंदर्यवतीने विजेत्याचं चुंबन घ्यायची रीत होती आणि त्या काळच्या दक्षिणेला हे दृश्य चाललं नसतं, हे स्कॉट पुरते ओळखून होते. प्रेक्षक पांगल्यावर निकाल फिरवला गेला. चषक मात्र मिळाला नाही. १९९० मध्ये ते गेले. नॅसकारने कुटुंबाच्या हाती चषक ठेवला तो २०२१ मध्ये.

यातलं काहीच चित्रपट सांगत नाही. आठ वर्षांच्या प्रेक्षकाला ते झेपलं नसतं, हे मान्य. पण तो सल क्रूझ रामिरेझच्या गोष्टीत उतरला आहे. दुसऱ्यांना तयार करणारी ही ट्रेनर स्वतः कधीच शर्यत धावलेली नाही. पहिल्याच शर्यतीत भोवतालचे दांडगे, बिनधास्त स्पर्धक पाहून 'आपलं इथे काय काम' असं वाटलं आणि ती माघारी फिरली. तिला आवाज दिलाय क्रिस्टेला अलोन्झो या मेक्सिकन वंशाच्या विनोदी अभिनेत्रीने. क्रूझ हे सांगते तेव्हा समोरचा मॅक्वीन, चित्रपटाचा नायक, एवढंच म्हणू शकतो की आपल्याला जमणार नाही असं त्याला कधी वाटलंच नाही. माझ्या मते अख्ख्या चित्रपटातला सर्वांत राजकीय क्षण हाच.

फ्लोरिडाच्या शेवटच्या शर्यतीत मॅक्वीन मध्येच थांबतो आणि आपला ९५ नंबर क्रूझला देतो. ती जिंकते, पण विजय दोघांच्या नावावर लागतो, कारण सुरुवात त्याने केली होती. नॅसकारमध्येही ड्रायव्हर बदलला तर श्रेय सुरुवात करणाऱ्यालाच जातं, त्यामुळे नियमाला धरूनच आहे हे. तरी खटकतं. शेवटची रेषा तिने एकटीने ओलांडली होती.