पाण्यातला पारा दाखवणारे चमकते कण

रंग नाही, वास नाही, चवही नाही; तरीही पाण्यातून आणि मासळीतून शरीरात जाणारा पारा माणसाच्या मज्जासंस्थेवर घाला घालतो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये अशा विषबाधेचे रुग्ण प्रथम अधिकृतपणे नोंदवले गेले. कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्याचे संयुग खाडीतील मासळीत साठले होते आणि तीच मासळी लोकांच्या रोजच्या जेवणात होती. पाण्यातील व अन्नातील विष वेळीच ओळखणे किती आवश्यक आहे, हे या घटनेने जगाला दाखवून दिले.

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात पाऱ्याचे प्रमाण लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत अवघा एक मिलिग्रॅम. एवढे अल्प प्रमाण अचूक मोजणारी यंत्रे महाग असतात आणि ती चालवण्यासाठी प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतात. त्यामुळे नमुना प्रयोगशाळेत पाठवून अहवालाची वाट पाहावी लागते. हा वेळ वाचवण्यासाठी शास्त्रज्ञ चमकणाऱ्या नॅनोकणांकडे वळले आहेत.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. काही नॅनोमीटर आकाराचे हे कण अतिनील किरण शोषून घेतात आणि डोळ्यांना दिसणारा प्रकाश बाहेर टाकतात. यांपैकी 'क्वांटम डॉट' या कणांचा रंग त्यांच्या आकारानुसार बदलतो. लहान कण निळसर, तर मोठे कण तांबूस चमकतात. त्यांच्या शोधासाठी व निर्मितीसाठी मुंगी बावेंडी, लुई ब्रूस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तपासणीचे तत्त्व सोपे आहे. पाऱ्याला गंधकाचे विशेष आकर्षण असते. म्हणून कणांच्या पृष्ठभागावर गंधकयुक्त रेणू बसवतात. पाण्यातील पारा त्यांना चिकटला की शोषलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर न पडता अन्य मार्गाने निघून जाते आणि चमक मंदावते. ती किती मंदावली, यावरून पाऱ्याचे प्रमाण काढता येते. मासळीसारख्या अन्नाच्या बाबतीत मात्र नमुना आधी रासायनिक प्रक्रियेने विरघळवून घ्यावा लागतो.

अनेक क्वांटम डॉटमध्ये कॅडमियम हा विषारी धातू असतो. त्यामुळे २००४ मध्ये योगायोगाने सापडलेल्या कार्बनच्या चमकत्या कणांकडे आता अधिक लक्ष दिले जाते. सायट्रिक आम्ल, इतकेच नव्हे तर संत्र्याचा रस तापवूनही ते तयार करता येतात.

अडचणी मात्र संपलेल्या नाहीत. तांबे व लोह यांमुळेही अनेक कणांची चमक मंदावते. शिवाय पाण्याचा गढूळपणा मोजमापात घोळ घालतो. त्यावर उपाय म्हणून दोन रंगांचे कण एकत्र वापरले जातात; एक रंग मंदावतो, दुसरा स्थिर राहतो आणि दोहोंच्या गुणोत्तरावरून निष्कर्ष काढला जातो.

हे कण प्रयोगशाळेची जागा घेणार नाहीत. मात्र कोणता नमुना तातडीने प्रयोगशाळेत न्यावा, हे नदीकाठी किंवा बाजारातच सांगणारी पहिली चाळणी म्हणून त्यांचे मोल मोठे आहे.